दोन मोडेम आणि एक टॉवेल

माघातली थंडी उतरायला लागली की आमच्या हुबळीच्या नवनगरात लोक खिडक्या लावून घेतात. अमरगोळच्या बाजार यार्डाकडे जाणारे मिरचीचे ट्रक आमच्याच रस्त्यावरून वळतात आणि ट्रक गेला तरी त्याच्यामागे हवेत एक तिखट पट्टा बराच वेळ तरंगत राहतो. ब्याडगी मिरची दिसायला भडक, जिभेला तशी गरीब. पण गोण्यांच्या थप्प्यांनी एकत्र आली की ती नाकातून थेट डोक्यात जाते. शेजारच्या बाई तोंडाला पदर लावून म्हणतात, "आलं बाई शिंकांचं पीक." मी खिडक्या उघड्या ठेवते. मला त्या वासानं शिंक येत नाही, राग येतो. आणि दरवर्षी ठरल्या हंगामाला न चुकता येणारा राग ही काही फेकून द्यायची वस्तू नव्हे. त्यावर मी धंदा उभा केला आहे.

यंदा वासापाठोपाठ फोनही आला. यार्डातल्या एका जुन्या मिरचीच्या पेढीवरून. पेढीचे म्हातारे मालक बापूअण्णा, त्यांची नात अर्पिता बोलत होती. गादीवर आता तीच बसते.

"अक्का, ऑफिस नवीन करतोय. फायबर, कॅमेरे, सगळं तुमच्याकडूनच. कोटेशन तेवढं पाठवा."

"कोटेशन पाठवणार नाही," मी म्हटलं.

"मग?"

"सौदा तुझ्या आजोबांशी करीन. समोर बसून. टॉवेलाखाली."

ती हसली. अक्का थट्टा करतायत असं तिला वाटलं. थट्टा मी गिऱ्हाइकाशी करत नाही.

टॉवेलाखालचा सौदा म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातात हात देतात आणि वर एक टॉवेल टाकतात. मग बोलतात ती फक्त बोटं. कुठलं बोट धरलं, किती धरलं, पेर दाबलं की तळवा, यावर भाव चढतो, उतरतो, ठरतो. भोवती दहा माणसं उभी असली तरी त्यांना दिसतात नुसते दोन चेहरे, आणि चेहऱ्यांवर काही दिसू द्यायचं नसतं. याला हत्ता म्हणतात. यार्डातला लिलाव मी धंद्यात आले तेव्हाच भाव लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर आलेला होता. पण घरचे, ओळखीचे व्यवहार बापूअण्णा हत्त्यानंच करत. गोदामाचं छप्पर असो, ट्रकचं भाडं असो की लग्नातला आचारी असो. "तोंडानं दिलेला शब्द माणूस गिळू शकतो," ते म्हणत, "बोटानं दिलेला नाही."

ज्या हंगामाची मी गोष्ट सांगते आहे, त्या हंगामात माझा हात त्या टॉवेलाखाली गेला नाही. गेला तो दादाचा.

*

तेव्हा इंटरनेट ही उघडल्याबरोबर येणारी गोष्ट नव्हती. टेलिफोनची तार मोडेम नावाच्या डबीत जायची, डबी नंबर फिरवायची आणि मग ते सगळ्या घराला ऐकू जाणारं किंचाळणं सुरू व्हायचं. आधी एक लांब शीळ, मग पत्र्यावर खडी ओतल्यासारखं काहीतरी, मग दोन घुमणारे सूर आणि एकदम गप्प. गप्प झालं की जमलं. मला तो आवाज इतर कुणाहीपेक्षा आधी समजला, कारण मी टेलिफोनच्या तारेवरच वाढले. अळणावरजवळच्या आमच्या गावात शिक्षण संपलं तेव्हा शेतमजुरी किंवा लग्न, हे दोनच रस्ते समोर होते. मी तिसरा धरला आणि धारवाडला सप्तापुरात एका एसटीडी बूथवर बसले. कॉलेजची पोरं रांगेत उभी राहून घरी फोन लावायची. रिसीव्हर कानाला लावला की लाईन कुठं ओली आहे, कुठं दुसऱ्याची लाईन मिसळली आहे, एक्स्चेंजमध्ये गर्दी आहे की तार तुटली आहे, हे मला खरखरीवरून कळायचं. त्याच बूथच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर आला. मालकाला तो चालवता येईना. मी शिकले. पुढं हुबळीला येऊन उणकलमध्ये एक खोली घेतली, बाहेर पाटी लावली आणि वीज पडून जळलेले मोडेम दुरुस्त करायला लागले.

माझा थोरला भाऊ परशुराम, म्हणजे दादा, तेव्हा यार्डात टेम्पो चालवायचा. त्याच्या निम्म्याहून जास्त खेपा बापूअण्णांच्या पेढीच्या. एक दिवस तो धापा टाकत आला.

"शालू, अण्णांच्या पेढीत सहा टेबलं, सहा मशीन. फोनच्या लाईनी दोनच. नवीन लाईन मागितली तर कधी मिळेल देव जाणे. हंगामात सहाही टेबलांना एकाच वेळी गुंटूर, इंदूर, कोलकात्याच्या बाजाराची बातमी पाहिजे. बेंगळुरूची एक कंपनी करून देते म्हणतेय. तुला जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. मी कुठल्याही प्रश्नाला आधी तेच म्हणते. कसं जमवायचं ते नंतर बघते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेढीवर गेलो. मी मांडलं. मागच्या खोलीतल्या एका मशीनला दोन्ही मोडेम लावायचे. सगळ्या मशीनना एका केबलनं जोडायचं. मागच्या मशीनवर एक सॉफ्टवेअर टाकायचं, ते दोन्ही मोडेम वाटून देईल. ज्याला पाहिजे त्यानं आपल्या टेबलावरून मागायचं, मोकळा असेल तो मोडेम मिळेल, दोन्ही गुंतलेले असतील तर थोडं थांबायचं. बापूअण्णांनी सगळं नीट ऐकलं. मध्ये दोन शहाणे प्रश्नही विचारले. आणि मग माझ्याकडे बघत बघतच त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हात पुढं केला तो दादाकडे.

मी हातभर अंतरावर बसले होते. टॉवेल हलत होता. दादाच्या कपाळावर घाम आला होता. काम माझं, डोकं माझं, मोडेम माझे, आणि माझ्या कामाची किंमत दोन पुरुषांची बोटं अंधारात ठरवत होती. टॉवेल निघाला तेव्हा दादा पडलेल्या आवाजात म्हणाला, "ठरलं."

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "काय काय ठरलं?"

"भाव सोड, भाव बरा आहे," तो म्हणाला. "पण पहिली मोठी आवक यायच्या आत सगळं चालू पाहिजे. नाही जमलं तर तुझी डबडी परत, काम बेंगळुरूच्या कंपनीला." मग जरा थांबून, "आणि माझ्या टेम्पोच्या खेपा बंद."

"तू टेम्पो लावलास माझ्यावर?"

"मग काय लावू? माझ्याकडं दुसरं काय आहे?"

*

सहा टेबलांना दोन मोडेम वाटून देणारं ते सॉफ्टवेअर मला आजही आवडतं. त्याच्यानंतर कितीतरी मोठी, महागडी सॉफ्टवेअर आली, पण त्याच्यासारखा लबाड साधेपणा एकातही दिसला नाही. ते काय करायचं, तर प्रत्येक टेबलावरच्या मशीनला पटवून द्यायचं की तुझ्याच पाठीला एक मोडेम जोडलेला आहे. तो तिथं नसायचाच. असायचं नुसतं एक खोटं दार. मशीन त्या दाराशी बोलायचं, दार ते बोलणं केबलवरून मागच्या खोलीत पोचवायचं आणि खरं काम करणारा मोडेम तिथं अंधारात बसलेला असायचा. टेबलावरच्या माणसाला कधी कळायचंसुद्धा नाही.

हे सगळं बसवताना माझ्या डोक्यात एकच विचार. दादा म्हणजे तसलंच एक दार. बापूअण्णांना वाटतं ते दादाशी व्यवहार करतायत. सगळं बोलणं येतं माझ्याकडं.

केबल टाकायला मी स्वतः शिडीवर चढले. त्या काळी नेटवर्कची केबल म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी जाडजूड काळी तार, एका मशीनकडून दुसऱ्याकडं जाणारी. मध्ये कुठं एक जोड सैल झाला की सगळी टेबलं मुकी. सांध्यासांध्यात मिरचीची धूळ बसायची, ती पुसताना डोळे वाहायचे. पेढीचे दिवाणजी गुरुनाथराव खालून शिडी धरून उभे असायचे आणि वर बघून म्हणायचे, "रडू नका हो अक्का, जमतंय." मी वरून ओरडायची, "रडत नाहीये! तुमची मिरची!" त्यात एक फायदा होता. इतर गोदामांत उंदीर तारा कुरतडायचे, इथं एकही उंदीर तारेला तोंड लावत नव्हता.

सगळं जोडलं, चालू केलं, सहा टेबलांवरून आळीपाळीनं नंबर फिरवून दाखवला. हमालसुद्धा दारात उभं राहून बघत होते. गुरुनाथरावांनी हात जोडले. "छलो आतु अक्का! छलो आतु!" चांगलं झालं, झकास झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मी चहा घेते न घेते तोच त्यांचा फोन. "अक्का, एकही मोडेम मिळत नाही. सगळी टेबलं बोंबलतायत."

मी पोचले. मागचं मशीन बंद करून चालू केलं. चालू. दिवसभर चालू.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. पुन्हा गेले, पुन्हा चालू. चौथ्या दिवशीही तेच. आता हमाल हसायला लागले होते. शेजारच्या पेढीवरचा एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "अक्कांना बघितल्यावरच चालतं. अक्कांना इथंच बसवा." बापूअण्णा हसत नव्हते. त्यांनी दादाला बोलावून सांगितलं, "परशुराम, आवक जवळ आली. बेंगळुरूवाल्यांना कळवून ठेवलंय." मला नाही सांगितलं. दादाला.

*

आपण गेल्यावर जे बिघडतं आणि आपण आल्यावर जे सुधारतं, त्याचं कारण यंत्रात नसतं. ते माणसांत असतं. हे बूथवर शिकले होते, पण रागात विसरले होते. म्हणून मग एके सकाळी पेढीचं दार उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसले.

गुरुनाथरावांनी कुलूप काढलं. सहाही मशीन चालू केली. झाडलं, पाणी शिंपडलं. बापूअण्णा आले, आतल्या देवळीतल्या लक्ष्मीसमोर उभे राहिले. आणि मग गुरुनाथरावांनी जे केलं ते मी तोंडाचा आ करून बघत राहिले. त्यांनी दोन्ही फोनचे रिसीव्हर उचलले, त्यांना हळदकुंकू लावलं आणि देवीच्या पुढ्यात, तोंडं वर करून, आडवे ठेवून दिले. आरती सुरू झाली. घंटा वाजत होती. रिसीव्हर देवीपुढं पहुडलेले. मागच्या खोलीत मोडेम त्याच दोन लाईनींवर बसलेले. आणि नुकत्याच चालू केलेल्या सहा मशीनमधले टपालाचे, म्हणजे ईमेलचे, प्रोग्राम चालू झाल्याबरोबर आपण होऊन नंबर फिरवायला मोडेम मागत होते.

रिसीव्हर उचलून तसाच ठेवला की थोड्या वेळानं लाईनवरचा डायल टोन जातो. मोडेमला काही ऐकू येईना. त्यानं पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. आणि माझं ते शहाणं सॉफ्टवेअर, ज्याला दोनचार वेळा नकार मिळाला की मोडेम मेला असं समजायची सवय लावलेली होती, त्यानं दोन्ही मोडेमना वाटपातून बाहेर काढून टाकलं. आरती संपली, रिसीव्हर जागेवर गेले, फोन खणखणीत चालू. मोडेम मात्र माझ्या यादीत मेलेले ते मेलेलेच, मी येऊन उठवीपर्यंत.

मला हसू यायला हवं होतं. मी बापूअण्णांसमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, पूजेच्या वेळी रिसीव्हर जागेवर राहू द्या."

"का?"

"त्यानं माझे मोडेम बंद पडतात."

"माझ्या वडिलांनी घालून दिलंय," ते शांतपणे म्हणाले. "बाजाराची पहिली बातमी लक्ष्मीनं ऐकायची. मग आपण."

"रिसीव्हर उचललेला असताना कसली बातमी येणार? नुसती कूं कूं ऐकते तुमची लक्ष्मी!"

"अक्का, हळू, हळू," गुरुनाथराव मध्ये पडले. "देवीसमोर."

"देवीसमोरच बोलतेय! देवीला पण कळू दे!" माझा आवाज यार्डाच्या दुसऱ्या टोकाला गेला असणार. पाठीवर गोणी घेतलेले हमाल तसेच वाकलेले थांबले.

बापूअण्णांनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. "देवीचं मी मोडणार नाही. तुझ्या यंत्राला सोसत नसेल तर यंत्र घेऊन जा."

मी पायऱ्या उतरले ती थेट उणकलच्या तळ्यावर जाऊन बसले. राग आला की मी पाण्याकडं बघत बसते, अजूनही. बायका कपडे आपटत होत्या. एक म्हैस काठाशी पाण्यात बसून होती, तिला बाहेर काढायला एक बाई काठी आपटत होती आणि म्हैस तिच्याकडं ढुंकून बघत नव्हती. शेवटी बाईनं काठी टाकली आणि तीच जरा सावलीत बसली. थोड्या वेळानं म्हैस आपली आपण उठली.

हट्टी माणसाची गाठ दुसऱ्या हट्टी माणसाशी पडली की एक हिशेब करायचा असतो. कुणाचा हट्ट बदलणं स्वस्त पडेल? बापूअण्णांचा बदलायला एक पिढी लागणार. माझा बदलायची माझी तयारी नाही. उरला सॉफ्टवेअरचा. तो फुकटात बदलतो.

मी परत गेले. कुणाशी बोलले नाही. मागच्या खोलीत बसून त्या सॉफ्टवेअरचे सगळे पर्याय एकेक उघडले. सापडलं. नकार मिळाला तर मोडेमला मेलेला समजू नकोस, थोडं थांब, पुन्हा विचार. नाही म्हणाला तर पुन्हा थांब, पुन्हा विचार. मग सहाही टेबलांवरच्या टपालाच्या प्रोग्रामना सांगितलं की सकाळी उठल्याउठल्या कुणी आपण होऊन काही मागायचं नाही, माणसानं बटण दाबलं तरच. एवढंच. नकार पचवून पुन्हा विचारायला मी त्या यंत्राला शिकवलं. ते मला तळ्यावर कुणी शिकवलं होतं, हे यार्डाला माहीत असायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा पायरीवर. आरती झाली, रिसीव्हर जागेवर गेले, गुरुनाथरावांनी पहिल्या टेबलावरचं बटण दाबलं. मागच्या खोलीतून शीळ आली. लगेच दुसरी.

"आता या दोघांनाही कुंकू लावायला पाहिजे," गुरुनाथराव म्हणाले. "लाईन त्यांचीच, पूजा फोनची एकट्याची कशी?" ते कुंकवाचा करंडा घेऊन मागे धावले. मी मागोमाग धावले, कारण ओलं कुंकू आत गेलं असतं तर सगळंच संपलं असतं. शेवटी कोरडं, चिमूटभर, वरच्या बाजूला, जाळीपासून लांब, अशा अटींवर आमचं जमलं.

*

पहिली मोठी आवक आली त्या दिवशी यार्ड दिसत नव्हतं, नुसता लाल रंग दिसत होता. गोण्यांवर गोण्या, त्यांच्यामधून जायला माणसाच्या रुंदीची वाट, आणि सगळी बाजारपेठ एका सुरात शिंकत होती. पेढीत सहा टेबलं, सहा माणसं, प्रत्येकाला वाटत होतं की मोडेम आपला एकट्याचा आहे. मागच्या खोलीत दोन डब्यांवरचे लाल दिवे लुकलुकत होते. एकदाही थांबले नाहीत.

दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा बापूअण्णा मागच्या खोलीत आले. मी मशीनसमोर बसले होते. एक मोडेम किंचाळायला लागला तसा त्यांनी कान दिला.

"एवढा आरडाओरडा कशाला करतात?"

"भाव करतात," मी म्हटलं. "आपला आणि पलीकडचा. दोघंही आधी आपला वरचा वेग सांगतात. मग लाईन किती खराब आहे ते बघतात. मग एक उतरतो, दुसरा उतरतो. दोघांना झेपेल तिथं थांबतात. गप्प झाले की ठरलं."

बापूअण्णा खो खो हसले. त्या हंगामात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. "अगं, म्हणजे हत्ताच की हा!" ते दारातून बाहेर ओरडले, "गुरुनाथा, ऐकलंस? यंत्रं पण हत्ता करतात!"

मला वाटलं, आता कळलं यांना. यंत्रांचा कळला म्हणजे माझाही कळेल.

संध्याकाळी त्यांनी दादाला गादीवर बसवलं. चहा दिला. कामाचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "परशुराम, तुझ्या तंगीनं छलो केलं हो." तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी तिथंच उभी होते, खांद्यावर उरलेल्या केबलचं वेटोळं.

"अण्णा," मी म्हटलं, "पुढच्या वेळी सौदा माझ्याशी करायचा."

त्यांनी मान वर केली. त्या चेहऱ्यावर तुच्छता असती तर बरं झालं असतं, तिच्याशी भांडता आलं असतं. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. "अगं, बाईमाणसाचा हात चारचौघांत टॉवेलाखाली धरायचा? तुझाच मान राखतो मी."

असा मान राखला की माणूस व्यवहारातून गळून जातो. मोडेमच्या डबीला पेढीत जागा मिळाली, कुंकू मिळालं, तिचा हत्ता सगळ्या यार्डाला सांगून झाला. मी मात्र कुणाची तरी तंगी.

*

त्या पेढीचं काम मी पुढं कधी नाकारलं नाही. धंदा आहे. माणसं पाठवली, बिलं पाठवली. स्वतः पायरी चढले नाही. मधल्या काळात मोडेम गेले, जाडी केबल गेली. किंचाळणं तर असं गेलं की आजच्या पोरांना त्याची नक्कल करून दाखवली तर ती मला पाणी आणून देतात. माझ्या हाताखाली आता बरीच माणसं आहेत. बेंगळुरूच्या कंपन्या इकडच्या कामासाठी मला विचारतात, आणि मी त्यांच्याशी भाव करते तेव्हा त्यांना घाम फुटतो असं आमच्या ऑफिसात म्हणतात. पण प्रत्येक सौद्याच्या वेळी माझा उजवा हात मांडीवर जरासा उघडतो आणि मिटतो. सवय. बोटांची भाषा मी केव्हाच शिकून घेतली होती. जनावरांच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या दलालानं शिकवली, आणि तोही शिकवताना म्हणाला, "बाई, तुम्हाला कशाला हवी?"

परवा आम्ही गेलो, दादा आणि मी. टेम्पो त्यानं कधीच विकला. माझ्याच ऑफिसात बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारतो. गाडीत म्हणाला, "अजून धरून बसलीस होय? मला तर त्या दिवशी काही कळतसुद्धा नव्हतं. ते बोट दाबत होते, मी घाबरून मान हलवत होतो. मी कोण? मी नुसता टॉवेल होतो गं."

"तोच तर राग आहे," मी म्हटलं.

पेढीत काचेचं दार आलंय, गार हवा आलीय. मिरचीचा वास बाहेरच अडतो. अर्पितानं आत नेलं. बापूअण्णा देवळीजवळ खुर्चीत बसले होते, वाळून निम्मे झालेले, पण खांद्यावर टॉवेल. आणि देवळीत लक्ष्मीच्या पायाशी त्या दोन डब्या. आधी मी त्या ओळखल्याच नाहीत, कुंकवाचा इतका थर चढला होता.

"आजोबा काढू देत नाहीत," अर्पिता म्हणाली. "एकदा पूजेत बसलं की बसलं, म्हणतात. रोज लावतो आम्ही."

मला भरून यायला हवं होतं. बरोबरच्या दादाला आलंही. मला राग आला. इतकी वर्षं रोज सकाळी यांच्या कपाळाला कुंकू, आणि यांना इथं आणणारीचं नाव घरात कुणी घेतलं नसणार.

"शालन आली का?" बापूअण्णा म्हणाले.

तंगी नाही. शालन. मला वाटलं होतं त्यांना नाव माहीतच नसेल.

"आले, अण्णा. सौद्याला आले."

"अर्पिता सांगत होती." ते माझ्याकडं रोखून बघत राहिले. नजर अधू झाली असली तरी रोखता येते. "त्या नवीन तारेचा आवाज येत नाही म्हणे."

"नाही येत."

"मग आत सौदा होतो हे कळायचं कसं?"

"आता तसा होत नाही. लागेल तेवढा वेग येतो."

"छे," ते म्हणाले. "मग काय मजा." आणि खांद्यावरचा टॉवेल काढला.

"आजोबा, खरंच?" अर्पिता पुढं झाली. "लोक बघतायत काचेतून."

"बघू देत. लोक काय म्हणतील म्हणून घाबरायचो, ते लोक सगळे वर गेले." त्यांनी हात पुढं केला. माझ्याकडं. थरथरत होता. मी धरला. वर टॉवेल पडला.

मला वाटलं होतं त्या क्षणी काहीतरी निवेल. पण टॉवेलाखाली जाताच म्हाताऱ्याचा हात थरथरायचा थांबला. बोटं झटक्यात हलली आणि त्यांनी मला जो पहिला भाव दिला, तो ऐकून, म्हणजे धरून, माझ्या कानशिलातून वाफ निघाली. इतक्या वर्षांनी बोलावून, देवीसमोर बसवून, दोन डब्यांचं कुंकू दाखवून हा असला भाव! चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. मी दिसू दिलं नाही. त्यांचं बोट धरून सावकाश मुडपलं, परत त्यांच्याच तळव्यात मिटलं आणि माझा भाव त्यांच्या पेरावर दाबला. जोरात.

त्यांची भुवई हलली नाही. ओठाचा एक कोपरा मात्र हलला.

"ठरलं का?" दादानं विचारलं.

"गप्प बस," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

काचेपलीकडं आवकीच्या गोण्या उतरत होत्या, कुणीतरी शिंकत होतं. बापूअण्णा एक पेर उतरले. मी उतरले नाही.